एअरगनचा सायलेन्सर: निवडीच्या आधीचा प्रश्न

काजूचा हंगाम आला, की सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोणच्या बागायतदाराला माकडांच्या आधी उठावे लागते. बोंडू चाखून फेकलेले, शहाळी कोवळेपणीच खाली पाडलेली, केळीचा घड अर्धा सोललेला, हे चित्र कुळागरात राबणाऱ्याला नवे नाही. फटाके झाले, गोफण झाली, डबे बडवून झाले, कुत्रे पाळून झाले. मग कोणीतरी शहरातल्या दुकानातून किंवा घरबसल्या मागवून छऱ्याची एअरगन आणतो. अलीकडे या खरेदीला एक नवी जोड मिळू लागली आहे. बंदुकीच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायची, हाताच्या पंजाएवढी एक काळी नळकांडी. विक्रेत्यांच्या पानांवर तिला कधी ‘साउंड मॉडरेटर’, कधी ‘मफलर’, तर कधी सरळ ‘सायलेन्सर’ म्हटलेले असते. कोणता घ्यावा, लांब की आखूड, धातूचा की प्लास्टिकचा, आपल्या बंदुकीला बसेल का, असे प्रश्न खरेदीदाराला पडतात. तो घेता येतो का, हा त्या सगळ्यांच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तो न विचारण्याचे कारण उघड आहे. या वस्तूविषयी इंटरनेटवर उपलब्ध असलेली बहुतेक माहिती ब्रिटन आणि अमेरिकेतून येते. ब्रिटनमध्ये कमी शक्तीच्या एअर रायफलवर असा मॉडरेटर लावणे ही नित्याची बाब आहे. तिथे इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ जूलपर्यंतची एअर रायफल परवान्याविना बाळगता येते. स्कॉटलंडने २०१५ मध्ये वेगळा कायदा केला आणि २०१६ च्या अखेरीपासून तिथे प्रमाणपत्र लागते, तर उत्तर आयर्लंडमध्ये मर्यादा अवघ्या एका जूलची आहे. गोठ्यातले उंदीर, धान्यावर बसणारी कबुतरे मारताना शेजाऱ्याला त्रास होऊ नये, बाकीचा थवा उडू नये, हा तिथला हिशेब. काडतुसी बंदुकांच्या मॉडरेटरवरील परवान्याची अटही काढून टाकण्याचा निर्णय तिथल्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर बसवलेला दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणीची अट मात्र कायम आहे. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकाऱ्याच्या कानांचे रक्षण म्हणून या साधनाकडे पाहिले जाते. या सर्व देशांतील चित्रफिती पाहून म्हापशातल्या किंवा बेळगावातल्या एखाद्या तरुणाला ही दुर्बिणीसारखी, खांद्याच्या पट्ट्यासारखी निरुपद्रवी जोडवस्तू वाटली, तर त्यात नवल नाही.

भारताचा कायदा मात्र वेगळ्या शब्दांत लिहिलेला आहे, आणि ते शब्द १९५९ पासून तसेच आहेत. शस्त्र अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेची व्याख्या आहे. स्फोटकाच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या क्रियेने प्रक्षेप्य सोडण्यासाठी बनवलेले कोणत्याही वर्णनाचे शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र, असा तिचा आशय. ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ या शब्दांत दाबलेली हवा येते. म्हणजे नावात अग्नी असला, तरी आग न लागणारी एअरगनही या व्याख्येत बसते. त्याच व्याख्येत पुढे, अशा शस्त्राचा आवाज किंवा झोत कमी करण्यासाठी बनवलेले अथवा जुळवून घेतलेले जोडसाहित्य हेही ‘अग्निशस्त्र’च होय, असे नमूद केले आहे. बंदुकीला न जोडलेली, पिशवीत ठेवलेली ती रिकामी नळकांडीही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्रपणे अग्निशस्त्र ठरते. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आवाज शमवणारे हे साहित्य पहिल्याच वर्गात घातलेले आहे. शिकारीच्या दुनळी बंदुकीहून कडक वर्गात.

अमेरिकेचा कायदा इथे उलट्या बाजूने शिकवणारा आहे. तिथे अग्निशस्त्र म्हणजे स्फोटकाच्या क्रियेने गोळी सोडणारे शस्त्र. त्यामुळे एअर रायफल त्या व्याख्येबाहेर राहते आणि केवळ तिच्याचसाठी केलेला सायलेन्सर कोणत्या खात्यात टाकावा, असा वाद निर्माण होतो. २०१० मध्ये बॉस्टन येथील संघीय अपील न्यायालयाने एअर रायफलसाठीच्या सायलेन्सरवरून झालेली एक शिक्षा रद्द केली. ते साधन बनवण्यामागचा हेतू काडतुसी बंदुकीचा आवाज शमवण्याचा होता, हे सिद्ध झाले नाही, असे त्यामागचे कारण होते. भारतात असा बचाव मुळातच तोकडा पडतो. इथे हवेच्या बंदुकीसाठीच केला आहे, असे म्हणणे म्हणजे व्याख्येतल्या ‘अन्य प्रकारच्या ऊर्जे’कडे स्वतःहून बोट दाखवणे.

मग परवान्याविना मिळणाऱ्या एअरगनचे काय, असा प्रश्न साहजिक येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ती सीमा आखली आहे. नळीच्या तोंडाशी २० जूल, म्हणजे १५ फूट-पौंडांपेक्षा अधिक ऊर्जा असलेली, किंवा ०.१७७ इंचांपेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते. त्या आतली येत नाही. परदेशी चित्रफितींत सर्रास दिसणारी साडेपाच मिलिमीटरची म्हणजे ‘पॉइंट टू टू’ एअर रायफल त्यामुळे इथे परवान्याची वस्तू ठरते, हेही अनेकांच्या ध्यानात नसते. सवलतीच्या या दोन्ही कसोट्या, ऊर्जा आणि व्यास, बंदुकीच्या आहेत. ध्वनिशामकाला स्वतःची ऊर्जा नसते. बंदुकीला मिळालेली सूट तिच्या जोडसाहित्यावरही पांघरता येईल, असा युक्तिवाद एखादा वकील न्यायालयात करूही शकेल. परंतु तो करण्याची वेळ येते तेव्हा अशील आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. विनापरवाना बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक. काही हजारांच्या नळकांडीसाठी पत्करायची ही जोखीम नव्हे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हे साधन नेमके काय करते, हे पाहण्यासारखे आहे. कारण विकणारे जे सांगतात आणि प्रत्यक्षात जे घडते, त्यांत बरेच अंतर आहे. ध्वनिशामकाचे काम सोपे असते. छऱ्याच्या मागून नळीबाहेर झेपावणारी दाबाची हवा एकदम मोकळी झाली, की टाळी वाजावी तसा आवाज होतो. नळकांडीतल्या कप्प्यांमध्ये आणि आडपडद्यांमध्ये ती हवा आधी पसरते, मंदावते, मग बाहेर येते. ज्या रायफलीत दीडशे-दोनशे बार दाबाची हवा टाकीत भरून ठेवलेली असते, तिथे हा फरक मोठा जाणवतो. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य एअरगन त्या जातीच्या नसतात. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की आतला दट्ट्या सुटतो, अशी ती जुनी यंत्रणा. तिच्यात हवा थोडीशीच असते. ऐकू येणारा आवाज बराचसा स्प्रिंगच्या थरथरीचा आणि दट्ट्या आपटल्याचा असतो. तो नळीच्या तोंडातून येत नाही, तर शरीरातून आणि दस्त्यातून येतो. तोंडावर कितीही महागडा सायलेन्सर बसवला, तरी त्याला कमी करायला फारसे काही उरत नाही. नेमबाजाला मात्र फरक पडल्यासारखे वाटते, कारण पैसे खर्च झालेले असतात.

दुसरा गैरसमज वेगाचा. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणारी गोळी वाटेत कडाका करते आणि तो कोणताही सायलेन्सर थांबवू शकत नाही, हे खरे. परंतु २० जूलच्या मर्यादेत अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने सुटतो, तर हवेत ध्वनीचा वेग साधारण ३४३ मीटर असतो. नेहमीच्या वजनाच्या छऱ्याने मर्यादेतल्या बंदुकीतून तो कडाका होतच नाही. ज्या बंदुकीतून तो होतो, तिची ऊर्जा मर्यादेत आहे का, हे आधी तपासावे लागेल.

जोडणीचे प्रश्नही आहेतच. छर्रा नळीतून निघून त्या आडपडद्यांच्या छिद्रांतून काही सेंटिमीटर प्रवास करतो. आटे किंचित तिरके असले, अर्धा इंच व्यासाच्या ठरलेल्या मापाऐवजी स्क्रूने आवळायचे कडे वापरले, की शिसे आतल्या पडद्याला चाटून जाते. मग नेम कधी डावीकडे, कधी खाली; काही वेळा छऱ्याचा तुकडा भलत्याच दिशेला. नळीच्या टोकाला वजन आल्यानेही नेम सरकतो. काडतुसी बंदुकांच्या बाबतीत कानांचे रक्षण हे सायलेन्सरच्या बाजूचे सबळ कारण मानले जाते, कारण त्यांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका बारानेही श्रवणशक्ती दुखावू शकते. स्प्रिंगच्या एअरगनला तो मुद्दा लावणे म्हणजे फुलबाजीला अग्निशमन दल बोलावणे.

नेमबाजीच्या खेळाची बाजू इथे थोडक्यात सांगता येते. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये ज्या दहा मीटर एअर रायफल प्रकारात ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ज्यात २०२२ मध्ये जगज्जेता झाला, त्या प्रकारात ध्वनिशामकाला जागा नाही. रायफलवर धक्का किंवा झोत वळवणारी साधनेही आंतरराष्ट्रीय नियमांनी वर्ज्य केली आहेत. गच्चीवर किंवा परसात सराव करणाऱ्याची तक्रार शेजाऱ्यांच्या नाराजीची असते, आणि ती खरी असते. पण शेजाऱ्याला ऐकू येणारा ‘ठण्ण’ बहुधा बंदुकीचा नसतो. तो पत्र्याच्या डब्यावर आपटणाऱ्या छऱ्याचा असतो. पत्र्याऐवजी जाड पेटीत घट्ट कोंबलेल्या चिंध्या, रबराचे जुने पट्टे किंवा मऊ लांबी वापरली, मागे भिंत भक्कम असली, तर अर्धी कटकट मिटते. खर्च जवळजवळ शून्य, आणि त्यात बेकायदा काही नाही.

खरा पेच शेतकऱ्याचा आहे, आणि त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. गोव्यात २०१६ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी माकड, रानडुक्कर यांच्याबरोबर मोराचाही उपद्रवी प्राण्यांत विचार करण्याचे सूतोवाच केले, तेव्हा राष्ट्रीय पक्ष्याच्या नावाने देशभर गदारोळ उठला. गदारोळ शमला, सत्तरीतल्या बागायतदाराचे नुकसान शमले नाही. त्यानंतर कायदा अधिकच घट्ट झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दक्षिण भारतात व कोकणपट्टीत आढळणारे टोपीसारख्या केसांचे माकड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, जाऊन बसले. मोर आणि गवारेडा तिथे आधीपासूनच आहेत. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे.

या अनुसूच्यांचा अर्थ व्यवहारात फार मोठा आहे. उभ्या पिकाची हानी होते, या कारणास्तव मुख्य वन्यजीव रक्षक दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत पीक हे कारण पुरेसे नाही; तो मानवी जीवितास धोकादायक झालेला असावा लागतो किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त. आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे, तर जखमी करणे आणि त्याचा प्रयत्न करणे हेही शिकारच आहे. ‘नुसता छर्रा मारून पळवले’ ही सबब त्यामुळे सबब राहत नाही, ती कबुली ठरते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबद्दल शिक्षा किमान तीन वर्षे आणि कमाल सात. शिवाय साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने रानडुक्कर मरत नाही. ते जखम घेऊन रानात शिरते, ती चिघळते, आणि दुसऱ्या दिवशी काजू गोळा करायला गेलेल्या बाईसमोर तेच चवताळलेले जनावर उभे राहू शकते. माकडांच्या बाबतीत डोळा जाणे, छर्रा अंगात रुतून राहणे हे ठरलेलेच.

सायलेन्सरचा मुद्दा याच ठिकाणी निर्णायक ठरतो. पीक राखण्यासाठी आवाज हवा असतो. गोफणीचा सणसणाट, डब्यांचा खडखडाट, फटाक्यांची लड, रखवालदाराची हाळी, या सगळ्यांचा उपयोग आवाजामुळेच आहे. कळप बिथरून पळावा, हा हेतू असेल, तर आवाज गिळणारे साधन त्या हेतूलाच छेद देते. ते कामाचे केव्हा? एक प्राणी पडला तरी बाकीच्यांनी पळू नये आणि कोणी ऐकू नये, असे वाटते तेव्हा. पीकरक्षणासाठी सायलेन्सर घेतला, असे सांगणारा माणूस स्वतःच्या बचावातच आपला हेतू सांगून बसतो. वनरक्षकाला रात्रीच्या गस्तीत शिकारीचा सुगावा बहुधा कानांनीच लागतो. म्हादई अभयारण्यात गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषप्रयोगाने मेलेले सापडले, तेव्हा त्या मृत्यूंचा आवाज झाला नव्हता. कुजल्याचा वास आणि गस्तीवाल्यांची नजर, एवढ्यावर ते उघडकीस आले. फासकी, विष आणि विजेची तार यांच्या यादीत आवाज न करणाऱ्या बंदुकीची भर पडली, तर काय होईल, याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही.

माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. डोंगरउतारावरच्या बागेत एकाच वेळी मालक, मजूर, लाकूडफाट्याला आलेल्या बायका, बाजूच्या पायवाटेने शाळेला निघालेली मुले असतात. शिकारीत चुकून माणसाला गोळी लागण्याच्या घटना गोव्याला अपरिचित नाहीत. बार झाला, की लोक थबकतात, हाक मारतात, दिशा ओळखतात. छर्रा वीस जूलचा असला, तरी डोळ्यासाठी पुरेसा असतो. आवाजाच्या बाजूनेही अतिरेक होतो, हे खरे. माकडे पळवण्यासाठी म्हणून वापरात आलेल्या कार्बाइड गनने २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर अशा ठिकाणी शंभराहून अधिक जणांच्या, त्यांतही मुलांच्या, डोळ्यांना इजा केली. शेतावरचे साधन खेळणे म्हणून बाजारात आले आणि प्रशासन जागे झाले, तोवर दिवाळी होऊन गेली होती. एअरगनच्या जोडसाहित्याचा बाजार आज त्याच टप्प्यावर आहे.

या बाजारावर कारवाई करायची, तर ती शेतकऱ्याच्या खळ्यात सुरू करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अन्यायाचे ठरेल. ज्याच्याकडे परवान्याची पीकरक्षक बंदूक आहे, त्याला ती निवडणुकीच्या काळात जमा करावी लागते. हंगाम आणि आचारसंहिता एकत्र आली, की रान मोकळे. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याला तो मिळवताना जिल्हाधिकारी कार्यालय ते पोलीस ठाणे अशा खेपा घालाव्या लागतात. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम यांचा मेळ बागायतदाराला कधी बसला नाही. सौर कुंपणाला अनुदान आहे, ते रानडुकराला अडवते. फांदीवरून फांदीवर येणाऱ्या माकडाला तारेची फिकीर नसते. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून माकडांची नसबंदी चालवली आणि २०१६ मध्ये काही भागांत त्यांना उपद्रवी जाहीर करून मारण्याची मुभाही मिळवली. पण ज्या हनुमंताला मंगळवारी नमस्कार केला, त्याच्यावर बुधवारी बंदूक रोखायला फार लोक पुढे आले नाहीत. गोव्याचे मनही याबाबत फारसे वेगळे निघेल, असे नाही. हे सारे असताना एखादा शेतकरी छऱ्याच्या बंदुकीकडे वळतो, तेव्हा तो गुन्हेगार म्हणून वळत नाही, कंटाळून वळतो.

म्हणून गृहखात्याने पहिले लक्ष विक्रीकडे द्यायला हवे. राज्यातील एअरगन विक्रेते मोजके आहेत. त्यांना आवाज शमवणारे साहित्य शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत येते, हे एका परिपत्रकाने लेखी कळवता येईल आणि तोच मजकूर दुकानात दर्शनी लावण्याची सक्ती करता येईल. कारखान्यातूनच नळीभोवती आवरण घालून येणाऱ्या रायफलींचे काय, त्या आवरणाला जोडसाहित्य म्हणायचे की बंदुकीचा भाग, याचा खुलासा केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मागवावा लागेल. कारण शस्त्रांचा विषय राज्याच्या अखत्यारीत नाही, आणि अशा रायफली आयात होऊन येतच आहेत. ऑनलाइन विक्रेत्यांना नोटीस काढण्याचा मार्गही मोकळा आहे. तोपर्यंत ग्राहकाने पावतीकडे नीट पाहिलेले बरे. सायलेन्सर म्हणून दाखवलेली वस्तू पावतीवर ‘मझल ब्रेक’, ‘सुटा भाग’ किंवा नुसतीच ‘ॲक्सेसरी’ म्हणून लिहिली जात असेल, तर विकणाऱ्याला कायदा ठाऊक आहे, एवढे त्यातून कळते. झडती होते, तेव्हा ती पावती ज्याच्या नावावर असते, त्याच्या घराची होते.